नऊ पावलांवरची बादली

"अण्णा, ती बादली तिथनं काढू नका म्हणतोय ना मी!"

"अरे यल्लाप्पा, वर्षातनं एक दिवस! कात्रीची पूजा, मशीनची पूजा, मग हिनंच काय घोडं मारलंय?"

"पूजा करा की! कोण नको म्हणतंय? भिंतीवरच करा. कुंकू लावायला भिंत आडवी येती काय?"

"देवापुढं बसल्याशिवाय पूजा होत नसते," मागून पद्मावतीअक्का म्हणाल्या. "आणि ओरडू नको. सणाचा दिवस आहे."

ती बादली म्हणजे मी. माझी कडी एका बाजूनं यल्लाप्पानं धरलेली, दुसऱ्या बाजूनं मालक पुरुषोत्तमअण्णांनी. दोघं खेचत होते आणि शिवणाऱ्या पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला नव्हतं हसू येत. मी मनात म्हणत होते, यल्लाप्पा, सोडू नको. सोडू नको रे.

त्यानं सोडली. मालक तो मालक.

मित्रांनो, मी एक जुनी लाल बादली आहे. आगीसाठी वाळू भरून भिंतीला टांगून ठेवतात ना, ती. तुम्ही शाळेत बघितली असेल, टॉकीजमध्ये, पेट्रोलपंपावर बघितली असेल. म्हणजे नजर गेली असेल. नीट कुणी बघत नाही. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

माझा जन्म बेंगळूरच्या सिटी मार्केटमागच्या गल्लीत, एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्यानं पत्रा कापला, वाकवला, ठोकला, आणि बूड करायची वेळ आली तेव्हा सपाट न करता गोल केलं. नारळासारखं. बाकीच्या बादल्या दुकानात ओळीनं छान बसलेल्या आणि मला खाली ठेवली की मी कलंडायची. इकडं ठेवा, कलंडली. तिकडं ठेवा, गडगडत नाल्यापर्यंत. एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "अहो, हिला साधं बसता येत नाही. ही काय कामाची?"

पत्रेवाला हसला. "म्हणूनच कामाची. सपाट बूड दिलं तर ही आठ दिवसांत संडासात जाईल, नाहीतर कुणाच्या तरी दारात सडा घालायला. गोल बुडाची बादली कोण चोरत नाही. हिला जागा एकच, भिंतीवरचा हूक. आणि काम पण एकच."

ते ऐकलं तेव्हापासून माझा स्वभाव असाच आहे. एका जागी बसवत नाही. पटकन तोल जातो. पण हुकाला लटकवली की मी शांत.

पुरुषोत्तमअण्णांनी माझ्यासारख्या चार घेतल्या. त्यांचा शर्ट शिवायचा कारखाना बोम्मनहळ्ळीला, होसूर रोडवरून आत गेलं की. घराणं शिंप्याचं. चार पिढ्या बेंगळूरात राहून घरात मराठी टिकलेली, पण त्या मराठीत निम्मं कन्नड. त्यांच्या आजोबांची कात्री अजून देवाशेजारी होती. कारखाना म्हणजे एकच लांब हॉल. पुढं ऑफिस आणि ऑफिसात देव. मधे तीस मशिनी. सगळ्यात मागं इस्त्रीचं टेबल, पॅकिंग आणि मागचं दार. आम्हा चौघींना इस्त्रीच्या टेबलाजवळच्या भिंतीवर टांगलं. वाळू भरली. पांढऱ्या रंगानं पोटावर 'आग' असं कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहिलं.

पहिले आठ दिवस सगळे आमच्याकडं बघायचे. नवव्या दिवशी माझ्यात पहिली बिडी विझली.

मग काय काय पडलं माझ्यात, सांगू? बिड्यांची थोटकं. तुटलेली बटणं. कंगव्यातले केस. इडलीचं पान. एकदा तर हमाल पचकन थुंकला आणि वर मला म्हणाला, "स्वल्प वाळू हलव गं, झाकून जाईल." मला हात असते ना! कारखान्यात प्लास्टर निघालं तेव्हा माझी अर्धी वाळू गवंड्यानं नेली. परत आणतो म्हणाला. अजून आणतोय.

मला वाचवलं यल्लाप्पानं. तो इस्त्रीवाला. बेळगावकडचा, तोंडानं तिखट. दोन्ही हातांवर इस्त्रीचे जुने डाग. आधीच्या एका कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाची गादी आतल्या आत धुमसून पेटलेली त्यानं बघितली होती, तेव्हापासून त्याला एक खोड लागली. दर सोमवारी मला खाली उतरवायची, मांडीत धरायची, वाळू चाळायची, घाण काढायची, परत भरायची. नवी वाळू लागली तर समोरच्या बांधकामावरनं मागून आणायचा.

गंगव्वा त्याला त्यावरून छळायची. ती पण त्याच बाजूची, पण आता आनेकलला खोली करून राहायची, रोज बसनं यायची. धागे कापायचे आणि शर्टावरचे डाग काढायचे, हे तिचं काम. डाग काढायला एक पिस्तुलासारखी बाटली असायची, त्यात पेट्रोलसारख्या वासाचं औषध. सगळे त्याला केमिकल म्हणायचे. त्या वासानं डोकं दुखतं म्हणून ती लांब खिडकीशी बसायची आणि तिथनं ओरडायची,

"ए यल्लाप्पा, बायकोचे केस तरी एवढ्या मायेनं विंचरतोस काय रे?"

"बायको पेटत नाही, गंगव्वा."

"जाऊन बघ एकदा. पगाराच्या दिवशी उशिरा जा."

सगळा हॉल हसायचा. मशिनींचा आवाज पण हसल्यासारखा वाटायचा. मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतंय.

पंच्याण्णव साली, गणपतीच्या आधी, विमा कंपनीनं एक माणूस पाठवला. प्राणेश त्याचं नाव. बारीक अंगाचा, कानावर पेन्सिल. आम्हाला वाटलं, चहा पिऊन सही करून जाईल. तो चहा न पिता हॉलभर फिरायला लागला. आणि प्रत्येक ठिकाणी थांबून एकच प्रश्न विचारायचा.

"इथं पेटलं तर?"

बोर्डापाशी उभा राहिला. "इथं पेटलं तर?" कापडाच्या गठ्ठ्यांपाशी. "इथं पेटलं तर? कोण कुठनं बाहेर पडणार?" गंगव्वापाशी जाऊन केमिकलचा वास घेतला. "हे सांडलं आणि पेटलं तर?"

पुरुषोत्तमअण्णा घाबरले. "साहेब, असं अशुभ बोलू नका हो. लक्ष्मीची जागा आहे."

"सरी, बरं आहे," प्राणेश शांतपणे म्हणाला. "पण इथं पेटलं तर?"

मग तो इस्त्रीच्या टेबलापाशी आला आणि टेबलापासून माझ्यापर्यंत पावलं मोजत चालत आला. नऊ. तो खूश झाला. यल्लाप्पाला म्हणाला, "नऊ चांगलं आहे. माझा हिशेब दहाचा. दहाच्या आत वाळू पडली तर एक गादी जळते. दहाच्या पुढं गेलं की कारखाना." त्यानं माझ्यात हात घातला. कोपरापर्यंत. कोरडी वाळू, एक पण बिडी नाही. "कोण बघतं हिचं?"

यल्लाप्पानं मान खाली घातली, जसं काही चोरी पकडली.

प्राणेशनं कागदावर तीनच गोष्टी लिहिल्या. केमिकलचं काम इस्त्रीपासून लांब, खिडकीशीच. मागचं दार कायम मोकळं. बादल्या जागेवरच. जाताना माझ्या पोटावर बोटानं टकटक केलं आणि मालकांना म्हणाला, "अण्णा, तुमच्या कारखान्यातलं सगळ्यात मोठं हत्यार हे आहे. मशीन नाही. हे."

काय सांगू मित्रांनो, मी फुगले. सात वर्षांत मला कुणी हत्यार म्हटलं नव्हतं.

आणि तिथंच सगळं फिसकटलं. कारण अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते मनावर घेतलं. फक्त त्यांनी त्यातला एकच शब्द घेतला: हत्यार.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. बेंगळूरात आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी रिक्षाला हार, बसला हार, पानवाल्याच्या अडकित्त्याला पण कुंकू. अण्णांच्या घरात तर मोठा सण. आणि त्यांच्यात एक रीत होती. पूजेला बसवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उठवायचं नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याला विसावा. वाईट आहे काय ही रीत? मला तर आवडायची. दरवर्षी मी भिंतीवरनं बघायची, कात्र्या कशा हळद लावून झोपल्यात. आम्हाला मात्र कुणी बोलवायचं नाही. आम्ही हत्यार कुठं, आम्ही बादल्या.

त्या वर्षी बोलावलं.

सकाळी यल्लाप्पाचं आणि अण्णांचं भांडण झालं ते तुम्ही ऐकलंच. यल्लाप्पा हरला. आम्हा चौघींना काढून पार पुढं ऑफिसात नेलं. मी बसेना, म्हणून पद्मावतीअक्कांनी जुन्या साडीची चुंबळ केली आणि त्यावर मला बसवलं. अक्का म्हणजे अण्णांच्या आई. त्यांचे हात थरथरायचे, पण कुंकू एकदम मधोमध लागायचं. माझ्या वाळूवर शेवंतीची फुलं, एक सुपारी, मूठभर चुरमुरे. कात्र्या, मशीनच्या बॉबिनच्या डब्या, आम्ही चौघी, सगळ्यांभोवती एकच लाल दोरा गुंडाळला. प्राणेशचा तो तीन गोष्टींचा कागद अण्णांनी काच घालून ऑफिसात लावला होता. अक्कांनी त्याला पण कुंकू लावलं. मी वाचलं, कुंकवाखाली: बादल्या जागेवरच.

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. त्याची लाज वाटते आता. फुलं होती, उदबत्ती होती, सगळे हात जोडत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात कुणी काहीतरी चांगलं टाकलं होतं. मी भिंत विसरले.

पूजेला जागा पाहिजे म्हणून पुढचे कापडाचे गठ्ठे मागं ढकलले होते. मागच्या दाराला लागून, आणि गंगव्वाच्या खिडकीला लागून. एक दिवसाचा प्रश्न. दारात केळीचे खुंट, कुंकू घातलेला कोहळा. कोहळा फोडला आणि सगळे टाळ्या वाजवत ओरडले. पॅकिंगवाल्या दोघांनी पांढऱ्या शर्टांची थप्पी दारातच आणून ठेवली होती, गाडीत घालायला. कोहळ्याचं लाल पाणी उडालं ते थेट त्यांच्यावर.

पोरी चुरमुरे घेऊन, नव्या साड्या सावरत दुपारी घरी गेल्या. अण्णांनी शर्ट बघितले आणि खाली बसले. चार वाजता गाडी येणार होती. माल गेला नाही तर गिऱ्हाईक तुटणार होतं. पंधरा-वीस शर्टांवर लाल शिंतोडे.

"गंगव्वा, तू स्वल्प थांब. डाग काढ. यल्लाप्पा, तू इस्त्री मार. पॅकिंगवाले दोघं थांबा. दोन तासांत मोकळे."

"हत्यारं पूजेला बसल्यात ना अण्णा?" गंगव्वानं विचारलं.

अण्णा जरा ओशाळले. एक इस्त्री आणि केमिकलची पिस्तूल त्यांनी सकाळीच बाजूला ठेवली होती. पूजेला लावलीच नव्हती. लागली तर असावी म्हणून.

म्हणजे बघा मित्रांनो. पेटवणाऱ्याला सुट्टी नाही. विझवणाऱ्याला सुट्टी.

यल्लाप्पाला ते एका क्षणात कळलं. तो ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. "मग बादली पण द्या. एक तरी द्या."

"आता उठवायची नाही," अक्का म्हणाल्या. देवापुढं पाटावर बसल्या होत्या, समईत तेल घालत. "माझ्या सासऱ्यांनी खंडेनवमीला कधी कात्री हलवली नाही. लग्नाघरचं गिऱ्हाईक दुकानात रडत बसलं होतं, तरी नाही. अपमान होतो त्यांचा."

"अक्का, हिचा अपमान होत नाही. मी ओळखतो हिला."

"यल्लाप्पा!" अण्णा ओरडले.

यल्लाप्पानं पाठ फिरवली आणि मागपर्यंत चालत गेला. मी त्याची पावलं ऐकली. मोजत होता. मागनं आवाज आला, "बेचाळीस, अण्णा!"

"दोन तासांत काय होतंय रे!" म्हणत अण्णा गाडीवाल्याला गाठायला बाहेर गेले.

मला पुढचं दिसलं नाही. मी ऑफिसात होते, तोंड देवाकडं. माझी नजर तीक्ष्ण आहे, सगळं टिपते, पण त्या दिवशी माझ्यासमोर फक्त फुलं होती. मी ऐकत होते. खिडकी गठ्ठ्यांनी बंद, म्हणून गंगव्वाला बसायला जागा उरली ती इस्त्रीच्या टेबलाशेजारी. पिस्तुलाची फूस, फूस. इस्त्रीचा सुस्कारा. मधे तिचा आवाज, "सरक की जरा, का मांडीवर बसू?" आणि त्याचा, "तुझं ते केमिकल लांब धर बाई." आणि पॅकिंगवाल्यांचं हसणं.

मग काहीतरी पडल्याचा आवाज. काचेसारखा.

मग भप्प.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि तरी मला तो ओळखीचा वाटला. मी त्याच्यासाठीच बनले होते.

"गंगव्वा, बाजूला हो! बाजूला!" यल्लाप्पा. आणि पळणारी पावलं. माझ्याकडं. बेचाळीस. मी मोजली. पंधराला त्यानं काहीतरी लाथाडलं. तिसाला पॅकिंगवाले त्याच्या पुढं पळून बाहेर गेले. बेचाळीसला तो दारात आला, भुवया जळालेल्या.

"हात लावू नको!" अक्का किंचाळल्या. त्यांना मागचं काही दिसलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की एक माणूस पूजेवर झडप घालतोय.

आणि यल्लाप्पा थांबला.

मित्रांनो, फार नाही. एक श्वास. त्या एका श्वासात त्यानं काय केलं माहीत आहे? हात जोडले. सवयीनं. देव समोर होता, दिवा लागला होता, म्हातारी बाई ओरडत होती. त्यानं हात जोडले आणि मग माझी कडी धरून ओढली. दोरा सुटेना. कात्र्या माझ्यामागं फरफटत आल्या. त्यानं दातानं दोरा तोडला. अर्धा माझ्या कडीला राहिला.

आम्ही पळालो. विसाव्या पावलाला धूर होता. पंचविसाव्याला मला माझी भिंत दिसली, रिकामे चार हूक, आणि पलीकडं टेबल पेटलेलं, आणि पेट गठ्ठ्यांना लागलेला. मी एकटी काय करणार होते? मी नऊ पावलांची बादली. मी एका गादीची बादली.

पलीकडनं गंगव्वाचा आवाज आला. ती आगीच्या मागं अडकली होती, मागच्या दाराशी. "यल्लाप्पा, दार! गठ्ठे हलत नाहीत!"

त्याला दोन्ही हात लागणार होते. त्यानं मला खाली ठेवली. माझं बूड गोल. मी कलंडले, गडगडत गेले, माझी सगळी वाळू वाटेत सांडली. आगीवर एक कण पण पडला नाही.

तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचे हात बघवत नव्हते. आणि तो एकटा होता.

बंबवाल्यांनी गंगव्वाला मागच्या दाराशी शोधलं. तिच्या मुठीत एका गठ्ठ्याचं टोक होतं. तिनं तो वीतभर सरकवला होता. वीतभर.

आता पुढचं सांगते ते नीट ऐका, कारण ते मी सोडून दोघांनीच बघितलं.

बंब पाणी मारून थांबले होते. पोलीस अजून यायचे होते. यल्लाप्पाला दवाखान्यात नेलं होतं. पुरुषोत्तमअण्णा आत आले आणि त्यांना वाटेत मी पडलेली दिसले. ते माझ्याशेजारी बसले आणि रडले. खोटं नव्हतं ते रडणं. "गंगव्वा, माझ्यामुळं गं," असं म्हणत होते. रडता रडता त्यांचे हात वाळू गोळा करायला लागले. ओंजळीनं. ते काय करतायत हे आधी त्यांना पण कळत नव्हतं. मग कळलं असावं, कारण हात भराभर चालायला लागले. मला भरली. वाळूबरोबर शेवंतीच्या पाकळ्या आल्या, चिखल झालेले चुरमुरे आले, ती सुपारी आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी, त्यांना दिसलं नाही. पुढनं ऑफिसातल्या बाकी तिघी आणल्या, त्यांच्यावरची फुलं झटकली. आणि आम्हा चौघींना परत त्या भिंतीवर टांगलं.

पद्मावतीअक्का दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पुरुषोत्तमा, अजून सकाळ झाली नाही रे. उठवू नये."

पोलीस आले. पंचनामा लिहिला. आगीच्या बादल्या चार, वाळूने भरलेल्या, जागेवर. हवालदारानं मला बघितलं, मान डोलवली, लिहिलं. मी सांगितलं ना तुम्हाला? नजर जाते, नीट कुणी बघत नाही. अरे, भिंत कोळशासारखी काळी, हूक काळे, छत काळं आणि मी लाल! माझ्या पोटावर कुंकू! कडीला दोरा! भिंत जळाली आणि भिंतीवरची बादली कशी नाही जळाली? एवढं कुणाच्या डोक्यात येऊ नये?

मग लिहिलं गेलं की इस्त्रीवाला यल्लाप्पा इस्त्री चालू सोडून पळाला. वाळू नऊ पावलांवर होती, त्यानं वापरली नाही. पॅकिंगवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "हो, तो पुढच्या बाजूला पळाला. आम्ही बघितलं." तेही खोटं बोलले नाहीत. पळालाच होता तो. कशासाठी पळाला हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारलं पण नाही कुणी. यल्लाप्पानं सांगितलं तर साहेब म्हणाला, "बादल्या देवाला बसवल्या होत्या? कुणाला शेंड्या लावतोस?"

तेव्हापासून मी पोलीस स्टेशनात आहे. पुरावा म्हणून चौघींमधली एकच आणली, ती मी. मागची खोली, खिडकी नाही. चोरीच्या सायकली, एक फुटका टीव्ही, आणि मी, एका जुन्या टायरमध्ये बसवलेली. कडीला दोऱ्याशेजारी नंबराची चिठ्ठी. दोन वर्षं झाली. वरचे चुरमुरे उंदरांनी खाल्ले. खालचे आहेत अजून. सुपारी आहे.

यल्लाप्पा जामिनावर आहे. दर आठवड्याला सहीला येतो. त्याची बोटं आता चिकटून वाकडी झाल्यात, पेन दोन्ही हातांनी धरतो. इस्त्री तर सुटलीच. एकदा खोलीचं दार उघडं होतं, त्याला मी दिसले. तो बघत राहिला. हवालदार म्हणाला, "काय बघतोस रे?"

"हिच्यात कुणी बिडी टाकू नका," यल्लाप्पा म्हणाला.

त्या दिवशी मला रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

आज कोर्टात तारीख आहे. मला तिथं नेणार आहेत, जजसाहेबांसमोर टेबलावर ठेवणार आहेत. सरकारी वकील म्हणणार, बघा, ही बादली, भरलेली, जागेवर होती. आणि मग यल्लाप्पा आत जाणार. गंगव्वा आता सांगायला येणार नाही. पद्मावतीअक्का गेल्या वर्षी वारल्या. अण्णा बोलणार नाहीत. राहिले मी. मला तोंड आहे एवढं मोठं, पण त्यातनं आवाज येत नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते. तुमच्या शाळेत लाल बादली असेल, तुमच्या बापाच्या कारखान्यात, आईच्या ऑफिसात असेल. तिला हार घालू नका. तिच्यातला कचरा काढा. तिला तिच्या भिंतीवर राहू द्या, सणाला पण, पाहुण्याला पण, एका तासासाठी पण. कुठलं काय धोक्याचं आहे तिथं उभे राहा आणि बादलीपर्यंत पावलं मोजा. दारासमोर काय ठेवलंय बघा. आणि विचारा, इथं पेटलं तर? मोठी माणसं म्हणतील, अशुभ बोलू नको. तरी विचारा. परत विचारा. प्राणेश गेल्यावर आमच्याकडं परत कुणी विचारलं नाही, एका यल्लाप्पाशिवाय. आणि त्याला आम्ही सणाचा दिवस आहे म्हणून गप्प केलं. आम्ही म्हणते मी, कारण मी पण त्या दिवशी फुलांत खूश होते.

बूट वाजतायत. हवालदार येतोय. नवा आहे, त्याला माझं बूड गोल आहे हे माहीत नाही. टायर इथंच राहणार. कोर्टाचं टेबल सपाट असतं म्हणतात, लाकडाचं, गुळगुळीत. आयुष्यभर मला लाज वाटायची की मला बसता येत नाही. आज फक्त कुणी मला धरू नये. कुणी चुंबळ देऊ नये. एकदा मोकळी ठेवा मला, जजसाहेबांच्या समोर, एकदाच, म्हणजे पोटातली ती सुपारी...

कुलूप निघालं. उचलली मला. चला, मला आता जायचंय.